बंदिस्त सजा

भांडायचं काकांच्या मनातसुद्धा नव्हतं. त्यांनी फक्त एक वेलांटी दुरुस्त केली होती.

काकांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. शाळेची पुस्तकं, पतपेढ्यांचे अहवाल, मोटारीच्या सुट्या भागांच्या याद्या, जे येईल ते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांच्या डोळ्यांपर्यंत पोचली नव्हती. रस्त्यानं चालताना दुकानांच्या पाट्या वाचायच्या आणि मनातल्या मनात लाल रेघा मारायच्या, हाच त्यांचा सकाळचा व्यायाम. दवाखान्यात डॉक्टर त्यांचा हात धरून नाडी बघत असले, की हे डॉक्टरांच्या मागच्या तक्त्यावर 'उच्च रक्तदाब' नीट लिहिलाय की नाही ते बघणार. तो नीट लिहिलेला नसे. मग यांचा वाढे.

अशा माणसाला फोनवरच्या ग्रुपात घालू नये. पण मुलीनं घातलं. 'आपलं शहर, आपलं मत' असं त्या ग्रुपाचं नाव. नळाचं पाणी कोणत्या दिवशी बंद राहणार ते तिथे कळतं, एवढाच तिचा शुद्ध हेतू होता. पाण्याबद्दल तिथे सहा महिन्यांत एकदा कुणीतरी विचारलं होतं, आणि त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं, कारण सगळे भांडण्यात होते.

भांडण पुलाचं होतं. शहराच्या मधून नदी जाते, तिच्यावरचा पूल दुरुस्तीला आलेला, आणि त्यापायी घरपट्टी वाढायची होती. अलीकडच्यांचं म्हणणं, पूल वापरतात पलीकडचे, त्यांनीच भरावी. पलीकडच्यांचं म्हणणं, इस्पितळापासून नगरपालिकेपर्यंत सगळं तुम्ही तुमच्याकडे ठेवून घेतलंत, पूल ओलांडल्याशिवाय आम्हाला धड मरतासुद्धा येत नाही. तिथून गाडी निवडणुकीवर, निवडणुकीवरून नगराध्यक्षांच्या मेव्हण्यावर, आणि तिथून कुणाचे पणजोबा या नदीवर आधी आले यावर जायची. त्यात दोन्ही बाजूंची माणसं स्वतःला अलीकडचे आणि समोरच्याला पलीकडचे म्हणत, त्यामुळे निम्मा वेळ कोण कुणाला शिव्या देतंय याचाच पत्ता लागत नसे. तीन आठवडे साडेचार हजार माणसं कामधंदा सोडून हे करत होती.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला 'शांत सागर' असं नाव घेतलेल्या कुणीतरी लिहिलं, "अन्यायी करवाडीचा तिव्र निषेद!!! जागे व्हा नागरीकांनो!!!"

काकांनी खाली लिहिलं, "करवाढीचा. तीव्र. निषेध. नागरिकांनो. उद्गारचिन्ह एक पुरे."

आणि रस्त्यावरची केळीची साल उचलून बाजूला टाकावी तशा समाधानानं ते आंघोळीला गेले.

परत आले तेव्हा खाली त्रेचाळीस उत्तरं होती. पहिलं शांत सागरचं. "कोण रे तू? पलीकडच्यांचा दलाल?"

काकांना अनोळखी माणसानं 'अरे तुरे' करून पन्नास वर्षं झाली असावीत. छापखान्याचा मालकसुद्धा ओरडायचा तो 'अहो' म्हणून. त्यांनी चष्मा पुसला, वाक्य दोनदा वाचलं, आणि लिहिलं, "'दलाल' बरोबर आहे."

शब्द बरोबर लिहिलाय, असं त्यांना म्हणायचं होतं. साडेचार हजार माणसांनी तो कबुलीजबाब धरला.

दुपारी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी एका कचेरीत नोकरी करत होती. "बाबा, तुम्ही दलाल आहात असं का लिहिलंत?"

"मी शब्दाबद्दल बोलत होतो."

"माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई विचारतेय, पैसे किती मिळतात."

आपण कुणाच्या बाजूचे नाही हे दाखवायला काकांनी संध्याकाळपर्यंत पलीकडच्या तिघांचंही लेखन दुरुस्त केलं. एकानं 'विकासाला आर्शिवाद' मागितला होता, त्याला त्यांनी 'आशीर्वाद' दिला. परिणाम असा झाला की आतापर्यंत एकाच बाजूच्या शिव्या येत होत्या, त्या दोन्हीकडून यायला लागल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच दोन्ही तीरांचं कशावर तरी एकमत झालं होतं.

काकू बाल्कनीत शिवणयंत्रावर बसल्या होत्या. त्यांनी दोरा तोडता तोडता विचारलं, "अहो, पण तुम्हाला स्वतःला काय वाटतं? पट्टी वाढावी की न वाढावी?"

काका विचारात पडले. "मी तसा विचारच केलेला नाही."

"मग भांडताय कशावरून?"

"पहिल्या वेलांटीवरून," काका म्हणाले.

हे इथेच थांबलं असतं. पण वरच्या मजल्यावर मॅनेजर राहत होते. हे एका बँकेतून निवृत्त झालेले, आणि त्या ग्रुपातला शब्दन्‌शब्द वाचणारे. स्वतः मात्र त्यांनी तिथे कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. दुसऱ्याला घोड्यावर बसवून आपण खालून लगाम सांगायचा, ही त्यांची पद्धत. बुधवारी सकाळी ते वर्तमानपत्र परत द्यायच्या निमित्तानं आले आणि बसलेच.

"काका, गप्प बसू नका. गप्प बसलात की लोक म्हणतात, बघा, दडपला."

"मी दडपलेलो नाही. मी चहा पितोय."

"त्यानं आत्ताच काय लिहिलंय बघितलंत?"

काकांनी बघितलं. शांत सागरनं लिहिलं होतं, "याला विचारा, हा स्वत: तरी घरपट्टी भरतो का. फुकट्या."

काकांना आधी 'स्वतः'मधला विसर्ग टोचला. त्याच्या जागी अपूर्णविराम ठोकून दिला होता. मग 'फुकट्या' टोचला, आणि तो खोलवर गेला. एकतीस वर्षं दरवर्षी पहिल्या आठवड्यात, खिडकी उघडायच्या आधी रांगेत उभं राहून घरपट्टी भरणारा हा माणूस. पावत्या फाईलमध्ये, फाईल कपाटात, कपाटाला किल्ली.

"जाऊ द्या हो," काकू म्हणाल्या. "तुम्ही भरता हे मला माहीत आहे, नगरपालिकेला माहीत आहे. आणखी कुणाला कळायला हवंय?"

"साडेचार हजार लोकांना," मॅनेजर म्हणाले. "आणि नुसतं सांगू नका, काका. पुरावा टाका. फोटो!"

घरात उजेड चांगला कुठे, तर बाल्कनीत. ही बाल्कनी अकरा वर्षांपूर्वी कबुतरांना कंटाळून काकांनी काचा लावून बंद करून घेतली होती. आता तिथे काकूंचं शिवणयंत्र होतं, कापडांचं कपाट होतं, काकांचं टेबल होतं. टेबलावर काकांनी पावती ठेवली, एका कोपऱ्यावर चष्म्याचं घर, दुसऱ्या कोपऱ्यावर काकूंची कात्री, आणि मॅनेजरांनी स्वतःच्या हातानं फोटो काढला. फोटो फार सुंदर आला. पावतीवरचं अक्षरन्‌अक्षर वाचता येत होतं. मागचं कपाट, काचा, पडदे, सगळं स्पष्ट आलं.

काकांनी खाली लिहिलं, "ही माझी पावती. आता आपण आपली दाखवावी. 'स्वतः'मध्ये विसर्ग द्यावा."

शांत सागर मागे हटणाऱ्यातला नव्हता. दहा मिनिटांत त्यानंही नावावर अंगठा ठेवून आपल्या पावतीचा फोटो टाकला. काका तो मोठा करून बघणार, तेवढ्यात त्यांच्या स्वतःच्या फोटोखाली एक मजकूर आला.

"काका, नमस्कार. मी नगरपालिकेच्या मोजणी विभागात आहे. आपल्या पावतीत तीन खोल्या आहेत. फोटोत चौथी दिसते. गुरुवारी अकरा वाजता येऊन जाईन. तसदीबद्दल क्षमस्व."

काकांनी तो तीनदा वाचला. दुर्दैवानं त्यात एकही चूक नव्हती.

मॅनेजरांचा चेहरा एक क्षण पडला, पण एकच क्षण. "घाबरू नका. खोली आहे असं म्हणायचंच नाही. म्हणायचं, कबुतरांपासून संरक्षण."

गुरुवारी अकराच्या ठोक्याला मोजणीवाला आला. शांत स्वभावाचा, बगलेत वही, हातात फीत. आल्या आल्या म्हणाला, "तुमच्या दुरुस्त्या मी रोज वाचतो, काका. फार शिकायला मिळतं." शत्रू असं बोलायला लागल्यावर माणसानं लढायचं कसं?

तरी काकांनी घसा साफ केला. "ही खोली नव्हे. कबुतरांपासून संरक्षण आहे."

मोजणीवाल्यानं नम्रपणे आत नजर टाकली. "आणि कपाट?"

"संरक्षणात ठेवलंय."

"आणि शिवणयंत्र?"

"ते माझं," काकू म्हणाल्या. "टेबल यांचं. फितीचं टोक द्या इकडे, मी धरते." आणि त्यांनी ते भिंतीला नेऊन टेकवलं. मोजणीवाला आकडा लिहिणार, तोच त्या म्हणाल्या, "थांबा, पडदा मध्ये येतोय. अजून दोन बोटं आहेत." आणि दोन बोटं जास्तीची मोजून दिली. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांचा संसार असला की कुठे बोलायचं नाही हे कळतं. मोजणीवाल्यानं चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली, आणि जाताना म्हणाला, "काकू, उजेड छान आहे हो या खोलीत."

"खोलीत," काका पुटपुटले.

पंधरा दिवसांत मोजणी विभागानं शहरभरच्या बंद बाल्कन्या शोधून काढल्या, आणि मग काकांना नोटीस आली. काकूंनी पाकीट फोडून पुढे केलं आणि आता हे किती चिडतात याची वाट बघत उभ्या राहिल्या. काका वाचत गेले आणि त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू पसरत गेलं.

"अगं, ऐक. 'आपल्या घरास बंदिस्त सजा आढळून आली असून त्यावर वाढीव घरपट्टी का आकारू नये.' बंदिस्त सजा!"

"म्हणजे?"

"बाल्कनीला यांच्या कागदोपत्री सज्जा म्हणतात. सज्जा! अर्धा ज खाल्ला आणि झाली सजा. आपल्या घरात शिक्षा सापडलीय त्यांना."

"अकरा वर्षं मी तिथे शिवतेय," काकू म्हणाल्या. "मला काही तसं जाणवलं नाही."

मॅनेजर तर जिन्यातूनच ओरडत आले. "पकडलं! काका, हाच मुद्दा! तुमच्याकडे सज्जा आहे, नोटीस सजेची आहे. हरकत नोंदवा. मी तुमच्या पाठीशी आहे." सोमवारी हरकतींची सुनावणी होती. सोमवारी मॅनेजरांची कंबर धरली, आणि काका एकटेच निघाले.

नगरपालिकेच्या त्या दालनात लाकडी बाकं होती, दोन पंखे होते, त्यातला एक फिरत होता, आणि त्याच्याखाली सगळं शहर बसलं होतं. तीन नंबरच्या खिडकीवर टोकन आणि कोरा अर्ज मिळे. अर्ज काळ्या शाईनं भरायचा. भिंतीवर सूचना होती, खाडाखोड असलेला अर्ज स्वीकारला जाणार नाही. काकांनी बाक पकडलं, मांडीवर फाईल घेतली, आणि मोत्यासारख्या अक्षरात आपला अर्ज लिहून काढला.

शेजारी एक किडकिडीत, चाळिशीचा माणूस येऊन बसला. शर्ट इस्त्रीचा, आवाज इतका मऊ की ऐकायला कान जवळ न्यावा लागे. "काका, जास्तीचं पेन आहे का तुमच्याकडे? माझं उमटत नाहीये."

"घ्या ना," काका म्हणाले आणि त्यांनी काळं पेन त्याला दिलं. त्यांच्या खिशात आता लालच राहिलं.

माणूस अगदी मान मोडून लिहायला लागला. काका तिकडे बघणार नव्हते. पण लिहिलेला कागद शेजारी असताना काकांनी न बघणं म्हणजे मांजरानं दूध उतू जाताना पाठ फिरवून बसणं. त्यांची नजर गेली. माणसानं लिहिलं होतं, "मी सदर नोटिशीचा तिव्र निषेद करतो."

त्यापुढे काय झालं ते काकांना नीट सांगता येत नाही. चाळीस वर्षं जो हात दिवसाला साठ पानं तपासत होता, तो डोक्याला न विचारता उठला. हात थांबला तेव्हा 'तिव्र'भोवती लाल गोल झाला होता, 'निषेद'च्या 'द'वर रेघ बसली होती, आणि समासात दोन्ही शब्द नीट लिहून झाले होते.

"अहो!" तो माणूस किंचाळला. म्हणजे त्याच्या मानानं किंचाळला. "हे काय केलंत? खाडाखोड झाली! सगळा अर्ज गेला माझा!"

"माफ करा, माफ करा, चुकून झालं. पण ध हवा. निषेध. आणि ती दीर्घ, तीव्र..."

माणसानं कागद डोळ्यांजवळ धरला. त्यानं लाल खुणांकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, पुन्हा खुणांकडे पाहिलं.

"उद्गारचिन्ह एक पुरे," तो हळूच म्हणाला. "ते तुम्ही."

काकांनी लाल पेनाला टोपण लावलं. "शांत सागर?"

दोघंही समोर बघत बसले. पंखा फिरत होता. फोनवर एकमेकांच्या सात पिढ्या काढलेली दोन माणसं एका बाकावर मांडीला मांडी लावून बसली, की कुठे बघावं हाच प्रश्न पडतो. शेवटी तो माणूस म्हणाला, "मी तुम्हाला 'तू' म्हणालो. तुम्ही वयानं एवढे असाल असं वाटलं नव्हतं."

"फुकट्यासुद्धा म्हणालात."

"हो. ते जरा जास्त झालं."

"काय करता तुम्ही?"

"गाद्या विकतो. घरालाच पुढे बाल्कनी आहे, ती बंद करून दुकान काढलंय. नोटीस त्याचीच आहे." त्यानं सुस्कारा सोडला. "तुम्ही पावती टाका म्हणालात म्हणून मी टाकली. मागे गाद्यांची चळत आली फोटोत."

"तुम्ही फुकट्या म्हणालात म्हणून मी टाकली," काका म्हणाले. "माझं कपाट आलं."

मग काकांनी विचारलं, "पण तुम्ही बोलायला एवढे मऊ. मग तिथे इतकं का ओरडता?"

"काय सांगू, काका. गिऱ्हाईक येतं, गादीवर पडून बघतं, आणि झोपतं. दोन-दोन तास उठत नाही. त्याला उठवलं तर गादी जाते हातची. मला खोकतासुद्धा येत नाही दुकानात. मग बसतो फोन घेऊन. दिवसभराचं सगळं ओरडणं तिथे निघतं."

काकांना एकदम वाईट वाटलं. ते उठले, त्याला बरोबर घेऊन तीन नंबरच्या खिडकीवर गेले, आपल्या हातून कागद खराब झाल्याचं कबूल केलं, खिडकीतल्या बाईंचं बोलणं मुकाट्यानं ऐकून घेतलं, आणि नवा अर्ज मिळवला. मग गादीवाल्यानं सांगायचं आणि काकांनी लिहायचं असं ठरलं.

"'तीव्र निषेध' ठेवायचा का?" काकांनी विचारलं.

"ठेवा," गादीवाला म्हणाला. "तुम्ही म्हणता तसा ठेवा."

लिहिता लिहिता काकांनी त्याची नोटीस पाहिली. तिच्यातही 'बंदिस्त सजा' होती.

सुनावणीला एक मध्यमवयीन बाई होत्या. समोर फायलींचा ढीग, आणि सकाळपासून लोकांची रडगाणी ऐकून चेहरा ताणलेला. काका गादीवाल्याला घेऊनच आत गेले.

"बोला, काय हरकत आहे?"

"बाई, आमच्याकडे सज्जा आहे," काका म्हणाले. "सजा नाही."

बाईंनी नोटीस हातात घेतली, नाकाजवळ नेली, आणि एकदम हसल्या. मग हसू आवरून त्यांनी घंटी वाजवली. कारकून आला.

"ह्या किती गेल्यात अशा?"

कारकुनानं वही चाळली. "एक हजार एकशे बारा, मॅडम. दोन्ही बाजूंना मिळून."

"आणि सगळ्यांना सजाच गेली?"

"मजकूर एकच होता, मॅडम."

बाईंनी कपाळाला हात लावला. वर्णन चुकलेली नोटीस टिकत नाही, ती रद्द करून नव्यानं काढावी लागते, हे त्यांना काकांपेक्षा जास्त ठाऊक होतं. पाच मिनिटांत एक हजार एकशे बारा घरांतली सजा माफ झाली.

दालनातून बाहेर पडेपर्यंत गादीवाल्यानं ते ग्रुपावर लिहिलंसुद्धा होतं. मग जे सुरू झालं ते विचारू नका. अलीकडचे म्हणाले, आपला माणूस. पलीकडचे म्हणाले, नदी बघत नाही असा माणूस. मॅनेजरांची कंबर मोकळी झाली आणि ते जिन्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून 'मीच म्हटलं होतं' म्हणून सांगायला लागले. दोन्ही बाजूंची दोन माणसं, एकमेकांशी न बोलता, एकाच वेळी दारात उभी राहिली. येत्या निवडणुकीत आमच्याकडून उभे राहा म्हणाली. पुलाबद्दल तुमची भूमिका काय, असंही विचारलं. काका म्हणाले, "मजकूर पाठवा, बघून देतो."

पुढच्या आठवड्यात सुनावणीच्या बाईंचा फोन आला. "काका, एक काम होतं. नवी नोटीस छापायला जायचीय. पुन्हा हसं व्हायला नको. तुम्ही एकदा नजर घालाल?"

काकांच्या टेबलावर तो कागद आला. आणि ही बातमी शहरभर झाली, कारण ती मॅनेजरांना कळली होती.

गादीवाला संध्याकाळी हजर झाला. बगलेत नवीकोरी उशी. उशी काकूंच्या हातात देऊन तो टेबलापाशी घुटमळला.

"काका, एक विनंती होती. एक चूक ठेवा."

"काय?"

"एकच. मोठी नको. एखादा काना. कुणाला दिसणारसुद्धा नाही, आणि दिसलीच तर परत हरकत घेता येईल. आणखी एक वर्ष निघून जाईल. हजारभर घरांचा प्रश्न आहे, काका."

"अर्धा ज पुरे," मॅनेजर दारातून म्हणाले. "तेवढ्यात काम होतं हे आपण बघितलंय."

दोघं गेल्यावर ते लाल पेन हातात घेऊन बसले. काही दुरुस्त करण्यापूर्वी इतका वेळ पेन नुसतं धरून बसण्याची त्यांच्यावर ही पहिलीच वेळ. वाढीव पट्टी त्यांनाही भरायची होतीच, आणि ती काही थोडी नव्हती. गादीवाल्याला तर दुकानाची भरायची होती. त्याचा तो मऊ आवाज कानातून जात नव्हता. एक काना. तो सुटला तर माणसं सुटतील. नाहीतरी हे काम काकांनी फुकटात घेतलं होतं. फुकटच्या कामात एखादी चूक राहिली तर कोण विचारणार?

काकू उशी मांडीवर घेऊन शिवणयंत्राशी बसल्या होत्या. "काय ठरतंय?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? तुम्हाला चूक ठेवून झोप लागणार आहे का, तेवढं सांगा. ही नवी उशी घेऊनसुद्धा."

काकांनी पेनाचं टोपण काढलं. चौदा चुका निघाल्या. चौदाही त्यांनी दुरुस्त केल्या, दोन स्वल्पविराम जागेवर बसवले, आणि 'सज्जा'मधला अर्धा ज तर इतका ठसठशीत काढला की छापणाऱ्याला आंधळेपणानंसुद्धा तो खाता येऊ नये. उशी परत द्यायला ते दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. दोन गिऱ्हाइकं झोपली होती, म्हणून भांडण खुणांनीच झालं. वापरलेली उशी आम्ही परत घेत नाही, असं गादीवाल्यानं बोट हलवून सांगितलं. वापरली नाही, असं काकांनी मान हलवून सांगितलं. तेव्हा गादीवाल्यानं उशीवरची हिरव्या दोऱ्याची शिवण दाखवली. काकूंनी तिला अभ्रा घातला होता.

महिन्याभरात नव्या नोटिसा घरोघर गेल्या. काकांनी आपली उभ्या उभ्या वाचली, टेबलावर ठेवली, पुन्हा उचलून वाचली, आणि पहिल्या आठवड्यात खिडकी उघडायच्या आधी रांगेत जाऊन उभे राहिले. बाल्कनीची पट्टी भरून घरी येतात तोच फोन वाजला. गादीवाला होता.

"काका, आली नोटीस. चार वेळा वाचली. बायकोला वाचायला लावली. दोन गिऱ्हाइकांना झोपेतून उठवून वाचायला लावली. एक चूक सापडत नाही हो!"

तो रागावला होता. पण आवाजात आणखीही काही होतं, आणि ते काकांच्या कानानं बरोबर टिपलं. मुद्रितं तपासणाऱ्याची चूक राहिली, तर ती सगळ्या गावाला दिसते. नाही राहिली, तर तिथे कुणी काम केलं होतं हेच कुणाला कळत नाही. छापखान्याच्या मालकानं चाळीस वर्षांत काकांना कितीतरी वेळा केबिनमध्ये बोलावून घेतलं होतं. चूक नाही, हे सांगायला एकदाही नाही.

काकांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"खालच्या तळटीपा पाहिल्यात?" त्यांनी विचारलं.

"पाहिल्या."

"मागची बाजू?"

"तीही पाहिली. काही नाही."

"कलमांचे आकडे?"

"ते नाही बघितले अजून."

"मग ते बघा," काका म्हणाले. "सावकाश बघा. मला काही घाई नाही. मी धरतो फोन."